सहाव्या लादीवरची मुलगी

मी एका चांगल्या बालवाडीच्या ताईंची नोकरी जवळजवळ घालवली. रागाने नाही, आकसाने नाही. मला त्यांच्या मदतीला नेमलं होतं आणि मदत करता करताच ते झालं.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझी लायकी सांगायला हवी. मी तीस वर्षं हायस्कुलात बीजगणित शिकवलं. माझ्या वर्गात मुलं तोंडातून अक्षर काढत नसत आणि हा मी माझा गुण समजत असे. निवृत्त झाल्यावर नेरूळच्या घरात मी बायकोला डब्यांवर लेबलं लावायला सांगू लागलो. तिने दोन आठवडे ऐकून घेतलं आणि मग सोसायटीच्या वॉचमनला विचारलं, "दुपारचे ह्यांना तुमच्याजवळ बसवाल का?"

त्याच सुमारास एका संस्थेला माणसं हवी होती. बालवाड्यांमध्ये जायचं, तिथल्या तायांचं काम बघायचं, जे चांगलं चाललंय ते त्यांना दाखवून द्यायचं, धीर द्यायचा, एखादी गोष्ट सुचवायची. आम्हाला म्हणायचे 'शिक्षक-सोबती'. साहेब नाही, तपासनीस नाही. पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यात पुन्हापुन्हा सांगितलं होतं की कोपऱ्यात बसायचं आणि बोलायचं नाही. दिसेल ते लिहायचं, वाटेल ते नाही. आणि लिहिलेला कागद सगळ्यात आधी ताईंना दाखवायचा, त्यांच्याशी बसून बोलायचं. त्याआधी तो दुसऱ्या कोणाच्या हातात जाता कामा नये. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं, खाली दोनदा रेघ मारली, आणि पहिल्याच महिन्यात एका सकाळी तिन्ही नियम मोडले.

बालवाडी कोपरखैरण्याला, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. संध्याकाळी तिथे योगाचा वर्ग, रविवारी कोणाचं बारसं नाहीतर साखरपुडा, आणि रोज सकाळी बावीस मुलं. भिंतीवर कुठल्यातरी साखरपुड्याची थर्माकोलची अर्धी अक्षरं अजून चिकटलेली होती आणि त्याच्या खाली फळांचा तक्ता.

ताई पंचविशीच्या आतल्या, उरणच्या. कोकणी मुसलमान घरातल्या, वडील बंदराकडच्या एका गोदामात नोकरीला. सकाळी अंधारात निघून आठच्या आत इथे हजर असायच्या, डोक्यावरचा स्कार्फ नीट करत मुलांच्या चटया अंथरायच्या. आवाज इतका हळू की पहिल्या दिवशी मी त्यांना ज्येष्ठमधाची काडी देऊ केली. घसा ठणठणीत होता. त्या मुद्दामच हळू बोलत, म्हणजे ऐकण्यासाठी मुलं जवळ येत. हे मला पुष्कळ नंतर कळलं. काडी मात्र त्यांनी निमूटपणे घेतली होती.

मदतीला मावशी होत्या. कोपरखैरणे गावातल्याच, आगरी. जिथे आज ओळीने मेडिकल आणि मोबाइलची दुकानं आहेत तिथे त्यांचं भातशेत होतं म्हणे. आता घराचे वरचे दोन मजले भाड्याने दिलेले, कामाची काही गरज नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "घरान बसून काय करू सर, सुनंचं तोंड बघत?"

ताईंचे सुरुवातीचे सहा महिने त्या आठवड्यातल्या शुक्रवारी संपत होते. त्यांना पुढे ठेवायचं की निरोप द्यायचा, हे बालवाडी चालवणाऱ्या मॅडम ठरवणार होत्या. ताईंना नोकरी हवी होती. उरणहून रोज येऊन त्या मुलांत रमल्या होत्या आणि घरच्यांना "सहा महिने बघू, मग ठरवू" असं सांगून आल्या होत्या. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी जे केलं ते केलं.

मंगळवारी मी कोपऱ्यात जाऊन बसलो. मुलांची खुर्ची. तिच्यात बसताना गुडघे कानांपर्यंत येतात आणि पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतो. मांडीवर कागद. कागदावर दोन रकाने, ताई काय करतात आणि मुलं काय करतात. दर दोन मिनिटांनी एक नोंद. गोलात बसून गाणं झालं, गोष्ट झाली, मग मोकळा खेळ सुरू झाला. मुलं ठोकळ्यांकडे, भातुकलीकडे, मातीच्या ट्रेकडे पांगली. आणि ताई हॉलच्या मधोमध, दाराकडे पाठ करून जमिनीवर बसल्या. समोर शिंपल्यांचा डबा ओतला. मोठ्या शिंपल्या एकीकडे, लहान एकीकडे असं निवडत राहिल्या. कोणाशी एक शब्द नाही.

दोन मिनिटं झाली. चार झाली. मला वाटलं, आता उठतील. नाहीत उठल्या. पलीकडे मावशी पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या राहून बोटं वर करत होत्या. आधी चार, मग पाच. मी लिहिलं, 'मदतनीस विनाकारण हातवारे करतात.'

मग मला दिसलं की दार आणि ताई यांच्यामध्ये एक मुलगी उभी आहे. चार-साडेचार वर्षांची, ना खेळतेय, ना बसतेय, हात फ्रॉकच्या खिशात. तिच्याकडे कोणी बघत नाही. ताई तर पाठच करून बसल्यात. मावशींनी आता सहा बोटं वर केली होती.

तीस वर्षांचा शिक्षक माझ्यात उभा राहिला. नुसता माझ्यात नाही, खुर्चीतून प्रत्यक्ष उभा राहिला. मी चार पावलं टाकली आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेल्या आवाजात म्हणालो, "अरे वा, तू का एकटी? ये बाळा, नाव काय तुझं?"

मुलगी वळली आणि धावली. दारातून बाहेर, थेट चपलांच्या रॅकमागे.

ताईंचा हात शिंपल्यांवर तसाच थांबला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, कृतज्ञतेचं असावं. मी त्यांच्याकडे बघून हसलो, हाताने 'असू द्या, असू द्या' असं केलं, खुर्चीत परत शिरलो आणि लिहिलं: 'दहा चौदा ते दहा तेवीस, नऊ मिनिटे अध्यापन नाही. ताई पाठ करून बसल्या आहेत. एक मूल एकटे, त्याकडे दुर्लक्ष. निरीक्षकाने स्वतः पुढाकार घेतला.'

'पुढाकार'खाली रेघ मारली नाही, एवढंच.

वर्ग सुटल्यावर ताईंशी बोलायचं ठरलेलं होतं. पण त्या मुलीला घ्यायला शेजारची बाई आली होती आणि मुलगी रॅकमागून बाहेर यायला तयार नव्हती. ताई तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसून राहिल्या होत्या. मी पाच मिनिटं वाट बघितली. एवढ्यात मॅडमनी ऑफिसातून हाक मारली, "सर, चहा घेऊन जा." ऑफिस म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींची खोली, सकाळपुरती मॅडमकडे असायची.

मॅडम वाईट बाई नाहीत. हे आधीच सांगतो, कारण पुढे त्यांना वाईट ठरवून मला सुटायला सोपं जाईल. भाड्याच्या हॉलमध्ये बालवाडी चालवायची, वर पालकांना तोंड द्यायचं. त्यांनी मला खुर्ची दिली, मोठ्या माणसांची, आणि म्हणाल्या, "काय सुंदर अक्षर आहे हो सर तुमचं. बघू."

मी कागद दिला. माझ्या अक्षराचं कौतुक निवृत्तीनंतर कोणी केलं नव्हतं.

त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला. मग मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला.

"मला असंच काहीतरी लेखी हवं होतं," त्या म्हणाल्या. "दोन पालकांच्या तक्रारी आहेत. मुलांना लिहायला लावत नाहीत ही एक. आणि दुसरी, ती दारातली मुलगी. गणपतीनंतर आलीय, तीन महिने नुसती दारात उभी. एक आई रोज गेटमधून बघते. म्हणते, टीचर तिला हातसुद्धा लावत नाही. मी ताईंना विचारलं की म्हणतात, येईल ती. आता तुम्हीच लिहिलंत. नऊ मिनिटं."

मी म्हणायला हवं होतं की हा कागद आधी ताईंचा आहे, परत द्या. मी म्हणालो, "तशा ताई मेहनती आहेत." आणि बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून पडलं आणि मी ते चमच्याने शोधत बसलो.

त्या संध्याकाळी जेवताना बायकोने विचारलं, "आज काय सुधारलंत?" मी आमटी वाढून घेतली. ती म्हणाली, "म्हणजे काहीतरी बिघडवलंय."

बुधवारी वर्ग सुटायच्या वेळेला मी गेलो. दारातच मावशी भेटल्या. हातात पोछा.

"तुमी उठलाव कशाला?" त्या म्हणाल्या.

"कधी?"

"काल. सहा दाखवत होते ना मी तुमच्यासमोर. आंधळे हाव काय?"

"मला वाटलं..."

"तुमाला लय वाटते," मावशी म्हणाल्या आणि माझ्या पायांखालून पोछा ओढला.

आत ताई एकट्याच होत्या. चटया गुंडाळत होत्या. मला बघून त्यांनी एक चटई पुन्हा अंथरली. मी खाली बसलो. बातमी त्यांना पोचली होती. मॅडमनी सकाळी बोलावून फोटो दाखवला होता. त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"हातवारे म्हणजे मावशींचे का, सर?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढली. चाळीस पानी, मुखपृष्ठावर फुलपाखरू. माझ्यासमोर उघडून ठेवली. तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एक-दोन शब्द. मी वाचायला लागलो.

दार. दार. दार. आली नाही, ताप. दार. दार, पण चप्पल काढली. दार. पहिली लादी, लगेच मागे. पहिली. पहिली. दार, कोणाचा तरी फुगा फुटला. पहिली. दुसरी. असं दिवाळीपर्यंत. सुट्टीनंतर परत सगळं दारापासून. मग तिसरी. चौथी, खाली बसली. चौथी. पाचवी. पाचवी, शिंपली मोजताना ओठ हलले.

आणि शेवटची ओळ मंगळवारची: सहावी. सर बोलले. दार.

हॉलला दोन फुटांच्या लाद्या आहेत. दारापासून ताई बसतात तिथपर्यंत नऊ. मी त्या मोजल्या. बसल्या जागेवरून, बोटाने. आयुष्यभर मुलांना बोटांवर मोजायला बंदी केली होती.

"पण पाठ का करायची?" मी विचारलं.

"समोर बघत बसलं की थांबते ती. कोणाचे डोळे लागले की थांबते. आम्ही लहानपणी खाडीवर चिंबोऱ्या बघायला बसायचो. सावली हलली की आत बिळात. मग तास तास येत नाहीत." त्यांनी वही जवळ ओढली. "पाठ केली की मला दिसत नाही कुठपर्यंत आलीय. म्हणून मावशी."

"ती घाबरते कशाला?"

"मला नाही माहीत. आईलाही नाही माहीत. आधी येऊ दे की सर, मग सांगेल. बोललीच नाहीये अजून ती इथे. एक शब्द नाही."

"आज?"

"आज रॅकमागेच. जाईपर्यंत."

मी म्हणालो, "माझं चुकलं." मग ते कमी वाटलं म्हणून आणखी बोललो. प्रशिक्षणातलं बोललो, नियमांचं बोललो, तीस वर्षांच्या सवयीचं बोललो. ताई ऐकत होत्या. शेवटी मी म्हणालो, "मी आत्ता जातो आणि मॅडमशी बोलतो."

"बोलू नका सर."

मी उठता उठता परत बसलो.

"म्हणजे तसं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत्ता गेलात तर मॅडमना वाटेल मी शिकवून पाठवलं. परवा शुक्रवार. मला... मी गेले तर त्या मुलीचं परत दारापासून सुरू होईल. नवीन ताई येतील, त्यांना हे कोण सांगणार? मी घरी गेले तर घरी म्हणतील, बघ, सांगितलं होतं. ते मी बघेन. पण तिचं तसं नाही ना."

"मग मी काय करू?"

"लिहा. मंगळवारी तुम्हाला काय दिसलं ते. वाटलं ते नको."

त्या प्रशिक्षणाला आल्या नव्हत्या. त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

रात्री नाही, पहाटेही नाही, भर दुपारी नेरूळच्या घरात जेवणाच्या टेबलावर मी तो कागद पुन्हा लिहिला. पाच वेळा खोडला. 'ताई शांत बसल्या' लिहिलं, 'शांत' खोडलं. ते वाटलेलं होतं. शेवटी उरलं ते असं: ताई जमिनीवर बसल्या. पाठ दाराकडे. मदतनिसाने अनुक्रमे चार, पाच, सहा बोटे दाखवली. मुलगी सहाव्या लादीवर उभी होती. निरीक्षक मोठ्याने बोलला. मुलगी पळाली. बाकीची एकवीस मुले नऊही मिनिटे खेळत होती, भांडण झाले नाही. हे शेवटचं तर मी मंगळवारी बघितलं होतं आणि लिहिलंच नव्हतं. बीजगणिताच्या तासाला गप्प बसलेली मुलं म्हणजे शिस्त. एकवीस मुलं न सांगता आपापल्या कामात आहेत, याला माझ्याकडे नावच नव्हतं.

गुरुवारी तो कागद घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी वाचला. चष्मा काढला नाही. चहाही नाही.

"सर, मी आता कुठला कागद खरा धरू?"

"दुसरा."

"मंगळवारी एक आणलात. आज दुसरा. शनिवारी तिसरा आणाल."

मी म्हणालो, "तुम्ही स्वतः बघा. उद्या. नऊ मिनिटं."

"माझी दुसरी टीचर तयार आहे. सोमवारपासून यायला. तिला मी उद्या साडेदहाला फोन करणार आहे, काय ते सांगायला." त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "दहाला येते. पंधरा मिनिटं. आणि तुम्हीही असा. तुमच्या भरवशावर बघतेय मी."

नेमकं हेच नको होतं. पण ते मला त्या क्षणी कळलं नाही. मला तर मान मिळाल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी मी मोजे घालून गेलो, पायांचा आवाज नको म्हणून. कोपऱ्यातली खुर्ची उचलून फळांच्या तक्त्याखाली आणखी आत सरकवली. मॅडम दुसऱ्या कोपऱ्यात, मांडीवर फोन उपडा. मावशी पिंपाजवळ. मोकळा खेळ सुरू झाला. ताई बसल्या. शिंपल्या ओतल्या. मला त्यांचे हात दिसत होते. एक शिंपली त्या एकदा मोठ्यांत टाकत होत्या, एकदा लहानांत.

मुलगी दारात आली. आज निदान दारात होती. एक हात चौकटीवर.

एक मिनिट. दोन. मावशींचे हात खाली.

गुडघे जमतील तेवढे आवळले होते. मान खाली घातली होती, म्हणजे डोळे लागायला नकोत. तरी कानाने सगळं ऐकत होतो. ठोकळे. पाण्याचा नळ. 'ए माझं आहे, ए माझं आहे.' मॅडमनी फोन उलटा करून वेळ बघितली. पाच मिनिटं झाली असावीत. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. म्हणजे, हेच का ते?

मला काहीतरी सांगावंसं वाटलं. घशापर्यंत आलं. मावशींनी लांबून बघितलं आणि मी ते गिळलं.

सातवं मिनिट. मुलगी चौकट सोडत नव्हती. मी हळूच एक डोळा वर केला आणि तेव्हा कळलं की ती ताईंकडे बघतच नाहीये. ती माझ्याकडे बघतेय.

मग ती बोलली. बारीक आवाज, पण अगदी स्वच्छ.

"ताई, त्या आजोबांना बाहेर काढ ना."

ठोकळ्यांचा आवाज थांबला. मुलं वळली. मातीच्या ट्रेजवळचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "ही बोलते?"

ताईंची पाठ ताठ झाली. त्या वळल्या नाहीत. शिंपली हातातच. नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "आजोबा, ऐकलंत ना?"

मी उठलो. खुर्ची माझ्याबरोबर उठली. मी ती दोन्ही हातांनी सोडवून खाली ठेवली आणि भिंतीच्या कडेकडेने, मान खाली घालून, बाहेर गेलो. मी जवळून जाताना मुलीने फ्रॉक गोळा करून घेतला.

बाहेर चपलांचा रॅक, जिना आणि गल्ली. हॉलच्या खिडकीला जाळी आहे. तिच्यातून फक्त समोरची भिंत, पिंप आणि मावशी दिसतात. ताई दिसत नाहीत, मॅडम नाहीत, मुलगी तर नाहीच. मी जाळीला नाक लावून उभा राहिलो. मावशींचे हात अजून खाली होते.

मग एक बोट वर आलं.

मी स्वतःशी म्हणालो, एक. पुष्कळ वेळाने दोन बोटं. मग परत एक. मग काहीच नाही. दोन. तीन.

आणि गल्लीच्या टोकाकडून भोंगा सुरू झाला. भंगारवाल्याची हातगाडी, तिच्यावर रेकॉर्ड केलेला आवाज. जुनं लोखंड, प्लास्टिक, रद्दी, पुन्हा जुनं लोखंड. तो आमच्याच दिशेने येत होता. मी मोज्यांनिशीच गल्लीत पळालो. या वयात मी शेवटचा कधी पळालो होतो ते आठवत नाही. गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"भाई, बंद करो. दस मिनिट."

"क्यों, कोई गुजर गया क्या?"

"नहीं. कोई आ रहा है."

त्याने मला वरपासून मोज्यांपर्यंत बघितलं. भोंगा बंद केला. म्हणाला, "रद्दी है घर में?" मी म्हणालो, नेरूळला आहे, भरपूर आहे, माझ्याच हस्ताक्षरातली. तो गाडी वळवून दुसऱ्या गल्लीत गेला.

मी परत खिडकीशी आलो तर मावशी पिंपाजवळ नव्हत्या. भिंत आणि पिंप, बस. आतून काही ऐकू येत नव्हतं. ठोकळेसुद्धा नाहीत. ती आली, की भोंग्याने परत पळाली, की चौथ्या लादीवर उभी आहे, मला काही कळायला मार्ग नव्हता. दारात डोकावायचं तर डोळे लागतील. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. घड्याळात दहा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. दोन मिनिटांनी मॅडम दुसऱ्या टीचरला फोन करणार होत्या, ये नाहीतर नको. मनात मी शब्द जुळवत होतो. ताई निघाल्या तर त्यांना काय म्हणायचं. एकही शब्द असा सापडला नाही की जो मी आधीच वापरून झिजवला नव्हता.

मॅडम बाहेर आल्या. दार हळू ओढून घेतलं. माझ्या शेजारी, पायरीवरच बसल्या.

"चौथ्या लादीवर आहे," त्या म्हणाल्या. "बसलीय. पुढे नाही आली. भोंगा वाजला तेव्हा उठली होती, मग बंद झाला तशी परत बसली."

मी काही बोललो नाही. एवढं मला आता जमत होतं.

"तीन महिन्यांत बोलली नव्हती ना? तो मुलगा म्हणालाच, 'ही बोलते?'"

मी मान हलवली.

"आणि बोलली ती ताईंशी. मला नाही, तुम्हाला नाही." त्यांनी फोन उलटसुलट केला. "मी त्या दुसऱ्या टीचरला नाही म्हणून कळवते. ताईंना वर्ष संपेपर्यंत ठेवते. मार्चमध्ये परत बघू. लिहिण्याचं थोडं काहीतरी सुरू करा म्हणावं, पालकांना मला तोंड दाखवायचंय. गेटवरच्या आईला मी सांगेन." मग फोन माझ्यासमोर धरून त्यांनी मंगळवारचा फोटो पुसला. अक्षर खरंच चांगलं आलं होतं.

"ताईंना मी सांगू?" मी विचारलं.

"नको, मीच सांगते," त्या घाईने म्हणाल्या.

मावशी बादली घेऊन बाहेर आल्या. मॅडमनी त्यांना जायला वाट करून दिली आणि मला विचारलं, "मग सर, पुढच्या मंगळवारी येणार आहात का? की..."

ती 'की' तशीच लटकत राहिली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मावशींनी बादली पायरीवर टेकवली.

"येव द्या त्यांना, मॅडम," त्या म्हणाल्या. "आत कायपन कामाचे नाय ते, पन बाहेर बरे हाईत."